भंगारातल्या पिकअपची तयारी
आजचा रविवार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका गॅरेजमध्ये, मित्रांनी भंगाराच्या भावात घेतलेल्या पिकअपखाली टॉर्च धरण्यात गेला. ही गाडी रस्त्यावर आणायची नसून बंद ट्रॅकवर तासन्‌तास पळेल अशी करायची आहे. कल्पना सुचली ती अमेरिकेतील ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ या शर्यतीवरून. २००६ साली सुरू झालेल्या या शर्यतीत गाडीवरील खर्चाला ५०० डॉलरची मर्यादा असते. मात्र रोल केज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा), सीट, ब्रेक अशा सुरक्षेच्या वस्तू त्यातून वगळतात. नियमापेक्षा हा अपवाद मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मिस्त्री चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, हातोडी मारत मागे सरकले, तेव्हा खणखणीत येणारा आवाज पाट्यांच्या (धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे ते चासीला जोडतात तिथे, एकदम बद्द झाला आणि गंजाचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. वरवरचा गंज घासून निघतो. येथे मात्र कुजलेला भाग कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागेल, कारण केजचे पाय शेवटी चासीच्याच आधाराने उभे राहणार. शिवाय रिकाम्या हौद्यामुळे मागची चाके हलकी पडतात आणि मालासाठी बनवलेले ताठ पाटे वळणावर उड्या मारतात, म्हणून काही पाटे कमी करायचे ठरले.

इंजिनाची ताकद वाढवण्याचा विषय मिस्त्रींनी उडवूनच लावला (आणि योग्यच केले). आधी रेडिएटर, मग ब्रेक ऑइल: डॉट ४ या प्रमाणित दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषलेले ऑइल बरेच आधी उकळते आणि पेडल खाली बसते. चांगल्या स्थितीतला जुना रेडिएटर कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.