आत्याचा प्रश्न आणि बाबांच्या रोजनिशा

“अगं, ते फोटो ढगात गेले म्हणजे माझ्या फोनमधून गेले का?” असे कोल्हापूरच्या माझ्या आत्याने मागच्या दिवाळीत फोनवर विचारले, आणि क्लाउड स्टोरेज नव्याने वापरू लागलेल्या माणसाला सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. उत्तर असे, की फाइल अपलोड करणे म्हणजे तिची एक प्रत दूरच्या संगणकावर ठेवणे. मूळ फाइल आपल्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर जागच्या जागी राहते. डाउनलोड करताना याच्या उलट घडते: तिथली प्रत तिथेच राहते आणि दुसरी प्रत आपल्याकडे येते. मात्र या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मला फार उशिरा कळला.

माझे बाबा आटपाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७१ ते १९९४ या काळातल्या त्यांच्या चोवीस रोजनिशा आमच्या घरी आहेत आणि त्यांतल्या काहींचा कागद आता बोट लावले तरी कडेने झडतो. ते गेल्यानंतर मी त्या स्कॅन करायला घेतल्या. एका चित्रात समोरासमोरची दोन पाने घेतली, तेव्हा सुमारे २,४०० चित्रे झाली आणि त्यांचा आकार ११ जीबीच्या घरात गेला. आत्याला आणि टोरांटोच्या चुलतभावाला ती वाचायची होती, म्हणून मी ती गूगल ड्राइव्हवर ठेवायचे ठरवले.

तिथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण ती एकट्या ड्राइव्हची नसून जीमेल आणि गूगल फोटोज यांनाही त्यातलीच वापरावी लागते. माझ्या खात्यातली ६ जीबी जागा जुन्या ईमेलनी आणि फोटोंनी आधीच व्यापली होती, म्हणून रोजनिशांसाठी मी वेगळे खाते उघडले. शेअर केलेल्या फाइलची जागा तिच्या मालकाच्या खात्यातून मोजली जाते, त्यामुळे आत्याच्या खात्यावर भार पडला नाही. अशाच इतर सेवांपैकी विनामूल्य जागा वनड्राइव्ह आणि आयक्लाउडवर प्रत्येकी ५ जीबी, तर ड्रॉपबॉक्सवर २ जीबी असते.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. अपलोडचा वेग १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, असेल तर सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबाइट जातो, म्हणजे माझ्या ११ जीबीला कागदावरच सुमारे अडीच तास लागणार होते. अनेक जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, हेही लक्षात ठेवावे. ब्राउझरमधून अपलोड करत असाल तर तो टॅब बंद केल्यावर किंवा लॅपटॉप झोपी गेल्यावर काम थांबते. म्हणून मी एका वेळी एकाच वर्षाचे फोल्डर चढवले, आणि ते पूर्ण झाल्यावर इथली व तिथली फाइलसंख्या जुळते का ते पाहूनच पुढच्या वर्षाला हात घातला.

चित्रे आधी व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून मग चढवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती कृपया टाळा. फोटो म्हणून पाठवलेले चित्र तिथे दाबून लहान केले जाते आणि ते कधी टिपले याची नोंदही पुसली जाते. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

आता तो अपवाद. संगणकावरचे एखादे फोल्डर क्लाउडशी सिंक केले की ते आणि तिथले फोल्डर एकमेकांचे प्रतिबिंब होतात; इथे भर घातली की तिथे भर पडते आणि इथे काही पुसले की तिथलेही पुसले जाते. लॅपटॉपची जागा संपत आली तेव्हा, क्लाउडवर प्रत आहेच या विश्वासाने, मी अशा सिंक केलेल्या फोल्डरमधून १९८३ चे वर्ष काढून टाकले. चार दिवसांनी चुलतभावाने विचारले, “ताई, त्र्याऐंशी साल दिसत नाही, अजून चढवायचं आहे का?” ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. सुदैवाने पुसलेल्या फाइल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, त्यामुळे सगळी चित्रे परत मिळाली. त्याने महिनाभर उशिरा विचारले असते तर ते वर्ष मला पुन्हा स्कॅन करावे लागले असते, आणि तीच वही सर्वांत जीर्ण आहे. तेव्हापासून संपूर्ण संग्रहाची एक प्रत मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि ती कशाशीही सिंक केलेली नसते. प्रतिबिंबाला दुसरी प्रत समजू नये, हे मी आता भेटेल त्या नवशिक्याला सांगते.

डाउनलोडच्या बाजूचे अडथळे वेगळे आहेत. पूर्ण फोल्डर उतरवले की ड्राइव्ह ते झिप करून, म्हणजे सगळ्या फाइल एका गठ्ठ्यात बांधून, देते, आणि मोठे असेल तर झिपचे अनेक भाग येतात. सगळे भाग उतरवून मोकळे केल्याखेरीज संग्रह पुरा होत नाही. भावाकडे पहिल्यांदा दोनच भाग पोचले होते आणि मधले महिने गहाळ आहेत असा त्याचा समज झाला होता.

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते. आमचा कुळवृत्तांत काकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी टायपिंग सेंटरमध्ये श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून घेतला होता. ती वर्डची फाइल क्लाउडवर उघडली तेव्हा मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसली. फाइल बिघडलेली नव्हती, तो फॉन्ट तिथे नव्हता इतकेच. असे जुने दस्तऐवज गूगल डॉक्समध्ये रूपांतरित करू नयेत. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि ज्या संगणकावर फॉन्ट आहे तिथे पीडीएफ करून तीही शेजारी ठेवावी. शोधता येण्यासाठी मात्र मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या समान सांकेतिक पद्धतीत, आणावा लागतो.

लिंक देताना ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय सोपा वाटतो, पण ती लिंक पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. रोजनिशांत घरातल्या आजारपणांच्या आणि देण्याघेण्याच्या नोंदी आहेत, म्हणून मी आत्याचा आणि भावाचा ईमेल पत्ता घालून फक्त पाहण्याची परवानगी दिली. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून या वेगळ्या खात्यात मी अधूनमधून प्रवेश करत राहते.

गेल्या महिन्यात आत्याला १९७२ ची पाने स्वतः उतरवून घ्यायची होती. पाने नुसती ड्राइव्हमध्ये दिसणे आणि फोनमध्ये असणे यांतला फरक तिला पटावा म्हणून मी सांगितले, “डाउनलोड झालं की इंटरनेट बंद कर आणि मग पान उघड.” तिने बंद केले. थोड्या वेळाने फोनवरून तिचा आवाज आला. ती बाबांच्या अक्षरातली दुष्काळी कामावरच्या सुकडीच्या वाटपाची नोंद वाचत होती, आणि पुढचे पानही उघडत होते.