कोचीचा दिवस शेवटाकडून मोजावा

लातूर, रविवार, रात्री

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर आता लातूर-नांदेडकडची मंडळीही असतात. जहाज कोचीला एक दिवस लागतं, आणि नेमका तोच दिवस हातून निसटतो. नाश्ता रेंगाळत होतो, गेटबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस होते आणि बघता बघता अकरा वाजतात. बंदरातला दिवस शेवटाकडून मोजायचा असतो.

जहाज पाचला सुटणार म्हणजे परत चढायची मुदत बहुधा चार-साडेचारलाच संपते. नेमकी वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. त्याआधी गेटवर तपासणी आणि त्याच्याही आधी पुलावरची गर्दी. म्हणून तीनला मट्टनचेरी, म्हणजे कोचीचा जुना बाजारभाग, सोडायची म्हणजे सोडायचीच. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, आपण ठरवलेल्या रिक्षासाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर स्वखर्चानं गाठावं लागतं. पत्रकावर स्थानिक एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. जहाजाचं कार्ड आणि आधार गळ्यातल्या पाकिटात. मोबाइल जहाजावर असेपर्यंत एअरप्लेन मोडवर असावा, नाहीतर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

उतरल्यावर तासभर जमीन हलल्यासारखी वाटते. कान आणि मेंदू लाटांना सरावलेले असतात, घाबरू नये. गंमत म्हणजे जहाज जिथं लागतं ते पायाखालचं विलिंग्डन बेटही बहुतांशी मूळची जमीन नव्हे. ब्रिटिश इंजिनिअर रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली बंदर खोल केलं, तेव्हा उपसलेल्या गाळातून ते तयार झालं.

ऊन आपल्याला नवं नाही, पण आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत घाम वाळतो. कोचीच्या बत्तीस डिग्रीत तो वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि वयस्कर माणसं अचानक गळून जातात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवावी.

फोर्ट कोचीत सगळ्यात जास्त वेळ मासेमारीच्या चिनी जाळ्यांना द्यावा. मॉल लातूरला परतल्यावरही बघता येतो! साग आणि बांबूचा सांगाडा, पुढं पाण्यावर ताणलेलं जाळं, मागं दोरांना बांधलेले दगड. एक माणूस मुख्य वाशावरून पुढं चालत गेला की जाळं खाली बसतं. काही मिनिटांनी चार-सहा जण मागचे दोर ओढतात. दगड वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले असतात. जाळं पाण्यातून वर येतं तसतसे ते एकेक करून टेकतात, म्हणून तोल शेवटपर्यंत सांभाळला जातो. मोटेचे बैल धावेवरून उतरताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना वजनाची ही करामत लगेच कळेल. भरती असताना जावं, ओहोटीला जाळी नुसतीच टांगलेली दिसतात.

जवळच १५०३ सालचं सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामाला १५२४ मध्ये तिथंच पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. पंधरा मिनिटं पुरे. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद आणि १५६८ सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद, म्हणून तिकीट काढतानाच वार बघावा.

सिनेगॉगच्या गल्लीत मसाल्याचा वास आधी येतो. तेर आणि पैठणच्या माणसानं इथं जरा थांबावं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदीत पैठण आणि तेर (तगर) इथून माल गाड्यांनी भडोचला जात असल्याचं लिहिलंय, आणि त्याच नोंदीत कोचीच्या उत्तरेकडच्या मुझिरीस या प्राचीन बंदरातल्या मिऱ्यांचा व्यापारही येतो. आपलं कापड आणि इथले मिरे त्या काळी एकाच समुद्रावर होते.

मिरे घेताना दुकानदाराकडून पेलाभर पाणी मागावं. दहा-बारा दाणे टाकले की भरलेले तळाशी बसतात, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. पिशवी सीलबंदच घ्यावी, म्हणजे गेटवर उघडून दाखवत बसायला नको.