बॉनच्या गानशिक्षिका योहाना किंकेल

जर्मनीतील बॉनमध्ये राहणाऱ्याला संगीतकार बीथोव्हेनची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. मात्र बीथोव्हेनला व्हायोलिन शिकवणाऱ्या फ्रान्त्स रीस यांच्याच हाताखाली याच गावातील आणखी एक संगीतकार घडली, आणि तिच्याविषयी घरच्या वाचकांना सांगावे असे माझ्या फार दिवस मनात होते.

योहाना किंकेल यांचा जन्म १८१० चा. कोलोनच्या एका पुस्तकविक्रेत्याशी झालेले पहिले लग्न काही महिन्यांतच मोडले, तरी घटस्फोट १८४० पर्यंत रखडला. दरम्यान संगीतकार मेंडेल्सोनने उत्तेजन दिल्यामुळे त्या १८३६ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे संगीतरचनेचे शिक्षण आणि पोटासाठी शिकवण्या, दोन्ही एकदमच चालले. पुढे १८४३ मध्ये गॉटफ्रीड किंकेल या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाशी त्यांनी लग्न केले. कॅथलिक घरात जन्मलेल्या घटस्फोटितेशी केलेला हा विवाह समाजाला रुचला नाही आणि गॉटफ्रीड यांना धर्मशास्त्राचे अध्यापन सोडावे लागले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे १८४९ मधील, तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले गाण्याचे पुस्तक. इतक्या लहान मुलांच्या गळ्याचा स्वतंत्र विचार करून त्यांना पेलतील असे स्वराभ्यास आणि छोटी गाणी रचणे हे नुसत्या विद्वत्तेचे काम नव्हे. त्यासाठी मुलांमध्ये बसून शिकवलेले असावे लागते. त्याच वर्षी जर्मनीतील राजसत्तेविरुद्धच्या क्रांतीत भाग घेतल्याबद्दल गॉटफ्रीड यांना जन्मठेप झाली आणि चार मुलांचा संसार योहानाबाईंवर आला. नोव्हेंबर १८५० मध्ये कार्ल शुर्त्स या शिष्याने गॉटफ्रीड यांना श्पांडाऊच्या तुरुंगातून सोडवले आणि कुटुंबाने लंडन गाठले.

परक्या शहरात बाईंनी पुन्हा गाण्याच्या आणि पियानोच्या शिकवण्या धरल्या. शिकवण्यांमुळे स्वतःच्या रचनांना वेळ उरत नसे, ही त्या आयुष्यातील खरी हानी होय. विचार मात्र थांबला नाही. शोपँच्या संगीतावरील निबंधात त्यांनी पाव स्वरांना मुक्त करा, म्हणजे नवे स्वरविश्व हाती येईल, अशी मागणी केली. श्रुतींच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला या मागणीचे धाडस सहज जाणवेल, कारण पियानोच्या पट्ट्यांवर आयुष्य काढलेली व्यक्ती त्या पट्ट्यांमधल्या स्वरांविषयी बोलत होती.

१५ नोव्हेंबर १८५८ रोजी लंडनमधील राहत्या घराच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. लंडनमध्ये निर्वासित झालेल्या एका जर्मन संगीतकाराच्या कुटुंबावरील त्यांची कादंबरी त्यानंतर, १८६० मध्ये, प्रसिद्ध झाली.