वाडा-आखाडा नेटवर्क, टप्पा 3: डॉट लोकलवरून डॉट इंटर्नलवर

स्थिती: लातूरचा वाडा आणि शेतावरचा आखाडा मिळून 19 उपकरणं नव्या नावांवर आली. प्रिंटर तेवढा जुन्याच नावावर राहिलाय.

उपकरणांची जुनी नावं 'डॉट लोकल' या शेपटानं संपत होती, तिथंच घोळ होता. आरएफसी 6762 या इंटरनेटच्या नियमपत्रानं 2013 साली डॉट लोकल मल्टिकास्ट डीएनएसला देऊन टाकलं. डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी व्यवस्था; मल्टिकास्टमध्ये ते काम सर्व्हरशिवाय, आसपासच्या सगळ्या यंत्रांना एकदम हाक मारून होतं. मॅक आणि बरीचशी लिनक्स यंत्रं असं नाव सर्व्हरला विचारतच नाहीत, 224.0.0.251 वर, पोर्ट 5353 ला हाक मारतात. ती हाक राउटर ओलांडत नाही. वायरगार्डपलीकडचा (वाडा आणि आखाडा जोडणारा खासगी बोगदा) बोअरजवळचा कॅमेरा ओ देणार कसा?

डॉट इंटर्नल हे नाव आयकॅनच्या (इंटरनेटवरची नावं सांभाळणारी संस्था) बोर्डानं 29 जुलै 2024 ला खासगी वापरासाठी राखून ठेवलं. मनानं शेपूट निवडणाऱ्यांनी डॉट डेव्ह आठवावं: ते गूगलकडे गेलं, 2017 च्या शेवटी क्रोमनं त्यावर एचटीटीपीएसची सक्ती केली आणि कित्येकांचे घरगुती सर्व्हर उघडेनात.

राखीव असलं तरी नाव एकट्याचं नाही. शेजाऱ्याकडेही नॅस (फाइली साठवायचं यंत्र) डॉट इंटर्नल असू शकतं, म्हणून मधे वाडा किंवा आखाडा हवंच. अक्षरं रोमन ठेवली. देवनागरी नावाचं आतून पनीकोड (रोमन अक्षरांतलं सांकेतिक रूप) होतं आणि लॉग वाचताना डोकं उठतं. दोन्ही जागांचे सबनेट (पत्त्यांचे गट) 192.168.21 आणि 192.168.22. राउटरचं ठरलेलं 192.168.1 दोन्हीकडे ठेवलं तर बोगद्यात पत्ते भिडतात.

वाड्यातल्या रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') या छोट्या संगणकावर अनबाउंड, म्हणजे नावांचे प्रश्न घेणारा सर्व्हर, पोर्ट 53 ला; घरची नावं सांगणारा डीएनएसमास्क त्याच यंत्रावर 5335 ला. 5353 देऊ नका, तिथं अवाही हा मल्टिकास्टचा प्रोग्रॅम आधीच बसलेला असतो. अनबाउंडमध्ये 'डू-नॉट-क्वेरी-लोकलहोस्ट' बंद केल्याशिवाय तो स्वतःच्याच यंत्राला विचारत नाही.

आता खरी मेख. रूट झोन, म्हणजे सगळ्या शेपटांची मूळ यादी, सही केलेला आहे आणि डॉट इंटर्नल तिथं नाही, हे रूट सहीनिशी सांगतं. अनबाउंड डीएनएससेक (उत्तरांवरच्या या सह्या) तपासत असेल तर डीएनएसमास्कचं बरोबर उत्तर त्याला खोटं वाटतं आणि हाती सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी चूक, येतं. ओळखायची खूण: नावं विचारून बघायच्या 'डिग' आज्ञेला तपासणी बंद करणारा 'सीडी' पर्याय दिला की तेच नाव लगेच सापडतं. उपाय म्हणून अनबाउंडच्या 'डोमेन-इनसिक्युअर'मध्ये इंटर्नल लिहायचं. डीएनएससेकची तपासणी ठेवून हा खटाटोप नको असेल तर होम डॉट आर्पा हे शेपूट घ्या. आरएफसी 8375 नं त्याची सोय मुद्दाम बिनसहीची ठेवलीय. नाव मात्र बेचव.

अनबाउंडमध्ये 'प्रायव्हेट-ॲड्रेस' लावलं असेल तर 192.168 ची उत्तरं गाळली जातात, म्हणून 'प्रायव्हेट-डोमेन'मध्येही इंटर्नल हवं. डीएनएसमास्कमध्ये इंटर्नलसाठी 'लोकल' ही ओळ द्या, नाहीतर न सापडलेलं नाव तो वरच्या सर्व्हरकडे रेटतो.

अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएसमध्ये बाहेरचा सर्व्हर लिहिला असेल तर पायला कुणी विचारतच नाही. क्रोममध्ये नाव टाइप केल्यावर शोध उघडतो. शेवटी तिरपी रेघ द्या.

एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं: डॉट इंटर्नलला सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. स्वतःचं सीए (प्रमाणपत्रांवर सही करणारं) करा. आयफोनसाठी प्रमाणपत्राची मुदत 825 दिवसांच्या आत हवी; अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप्स आपण टाकलेलं सीए मानत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याचं ॲप साध्या एचटीटीपीवरच आहे.

बाकी: उलट शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव. अनबाउंड 192.168 चे उलटे झोन स्वतःच अडवतो, 'नोडिफॉल्ट' लावायचंय. वाड्याची लाइट गेली की आखाड्याची नावंही जातात, तिथं दुसरा पाय बसवायचाय. प्रिंटरला मल्टिकास्टच कळतं, तो डॉट लोकलवरच राहील.