कुंभार्ली घाट, जुनी एमपीएफआय गाडी आणि फ्युएल प्रेशर: पंप बदलायच्या आधी हे वाचा

गुहागर मस्त झालं, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते परतीच्या कुंभार्ली घाटाबद्दल. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर असं जाताना हा घाट उतरायचा असतो, त्यामुळे गाडीचं दुखणं कळतच नाही. येताना चिपळूण सोडलं, पोफळी मागे पडली आणि चढ लागला की सगळं बाहेर येतं.

गाडी २००३ची, पेट्रोल, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी), रिटर्न लाइनवाली, म्हणजे उरलेलं पेट्रोल पाइपने टाकीत परत नेणारी. पाऊस, धुकं, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू, आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलेचना. अॅक्सिलरेटर दाबला की झटके, सोडला की ठीक, आयडलला तर एकदम स्मूथ. मागे ट्रक हॉर्न मारतायत, वळणावर थांबायला जागा नाही. थोडं थांबलं की जरा पुढे जायची, परत तेच. शेवटी वळवून खाली आलो.

खालच्या गॅरेजवाल्याने पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला, गाडी आयडलवर, अडीच किलो (दर चौरस सेंटिमीटरला). "प्रेशर ओके आहे साहेब." मग प्लग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर क्लीनिंग, ४,२०० रुपये. सकाळी निघालो, त्याच वळणावर तेच झटके. परत गेलो तर म्हणे पंप (टाकीतून पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) गेलाय, आख्खी असेंब्ली बदला, ९,५००. अरे काल प्रेशर ओके होतं ना? ही सरळ लूट आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आयडलला इंजिनला पेट्रोल लागतं किती? थोडंसं. बाकीचं रिटर्नने टाकीत जातं, त्यामुळे पंप अर्ध्या दमाने फिरत असला तरी गेज छान दिसतो. चढावर मागणी वाढली की प्रेशर पडतं. म्हणून गेज लांब पाइपने वायपरखाली काचेवर बांधायचा आणि चढावर गाडी जोर लावत असताना शेजारी बसलेल्याने बघायचा. गेजचे जॉइंट आधी गळत नाहीत ना ते बघा, गरम इंजिनवर पेट्रोल उडालं तर गाडी पेटेल. असं करायला कोणी तयार नसेल तर तिथे पैसे देऊ नका.

सुटलं ते चिपळुणातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. मागची सीट उचलली, इंजिन चालू ठेवून पंपाच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) मल्टिमीटर लावला. बॅटरीला १३.८ व्होल्ट, पंपाला १०.४! अर्थिंगचा पॉइंट गंजून हिरवा पडला होता, त्यात दिवे-वायपर चालू असले की व्होल्टेज अजून खाली. घासून साफ केला, नवी वायर टाकली, २५० रुपये. त्यानंतर तोच घाट गाडी अशी चढली की मी घाटावरच्या हेळवाकपर्यंत गातच होतो.

तुमची गाडी अशीच असेल तर चावी ऑन केल्यावर मागून पंपाची दोन-तीन सेकंद घुंई ऐकू यायला हवी. नाही आली तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. प्रेशर रेग्युलेटरचा (लाइनमधलं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) व्हॅक्युम पाइप काढून बघा, आत पेट्रोल ओलं लागलं तर डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटलाय, रेग्युलेटर बदला. रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर दाबला आणि प्रेशर झटकन वर गेलं तर पंपात दम आहे, रेग्युलेटरकडे बघा. नाही गेलं तर फिल्टर, टाकीतली जाळी, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी पंप, याच क्रमाने. गाडी बंद केल्यावर प्रेशर लगेच शून्यावर येत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर, अशी गाडी गरम असताना स्टार्टर खूप मारायला लावते.

लाइन उघडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पेट्रोलचा फवारा तोंडावर येतो. कोणी बाइकचा साधा पेट्रोल पाइप बसवायला लागला तर हात धरून थांबवा, तीन किलो प्रेशरला तो टिकत नाही. इंजेक्शनचा पाइप आणि त्याचेच क्लॅम्प मागा.

रिझर्व्हवर घाटात शिरू नका, पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. टाकी चिपळुणातच भरा आणि निघा सकाळी, धुक्यात संध्याकाळी हा घाट नकोच.