न्यूफाउंडलंडचा मूस: शिकारीचे परवाने मोजण्याआधी रोपं बघा

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर नवीन आलेल्याला लोक आधी बजावतात, अंधार पडल्यावर हायवेवर गाडी सावकाश चालवा. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, त्याचे पाय इतके लांब की धडक बसली तर चारपाचशे किलोचं धड थेट काचेवर येतं.

हा प्राणी या बेटावरचा नव्हे. १९०४ मध्ये कॅनडाच्या मुख्य भूमीवरच्या न्यू ब्रन्सविकहून आणलेले चार मूस बेटावरच्या हाउली गावाजवळ सोडले. लांडगे १९३०च्या सुमारास बेटावरून संपले. काळी अस्वलं पिल्लं मारतात, पण मोठ्या मूसला आवर घालतो तो माणूसच.

संख्या वाढली ती मोकळ्या झालेल्या जंगलामुळे. लाकूडतोड झाली किंवा स्प्रूस बडवर्म नावाच्या अळीने फर (सुईसारख्या पानांचं झाड) वाळवला, की तिथे बर्च या झाडाची आणि बालसम जातीच्या फरची कोवळी रोपं दाट येतात. हिवाळ्यात मूस त्यांवरच जगतो. चारा भरपूर असेल तर मादीला जुळीही होतात. पुढे झाडं साधारण तीन मीटरच्या वर गेली की शेंडे तोंडाला लागत नाहीत आणि त्या पट्ट्यातले मूस घटतात. अशा वेळी नुसते शिकारीचे परवाने कमी करून संख्या परत येत नाही, कारण तिथे खायलाच उरलेलं नसतं. शिकार कमी मिळाली म्हणजे शिकार जास्त झाली, हा निष्कर्ष फार घाईचा आहे.

ग्रोस मोर्नला नेमकं उलटं घडलं. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, शिकार थांबली, मूस फार वाढले आणि शिकार २०११ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली. मूस फरची रोपं खुडतो, फरसारख्याच काळ्या स्प्रूस झाडाला सहसा तोंड लावत नाही. जुने फर पडले, नवे वर आलेच नाहीत, गवत माजलं. कुंपण घालून राखलेल्या तुकड्यांत मात्र फर उगवताना दिसतो.

शिकारीचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. एवढं धूड जंगलातून ओढून काढायचं म्हणजे शिकारी लाकूडतोडीच्या रस्त्यांजवळच राहणार. आतला भाग तसाच राहतो. शिवाय परवाना फक्त नराचा असेल तर संख्या फारशी उतरत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. संख्या खरोखर उतरवायची तर माद्यांची शिकार हवी, म्हणून नर किंवा मादी कोणताही चालेल असे परवाने देतात. शिकाऱ्यांकडून खालचा जबडाही मागवतात. दाताच्या थरांवरून वय कळतं.