आधी टॅपेट, मग पॉइंट, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

११ जानेवारी, शनिवार

गॅरेजमध्ये ३ अंश. पत्र्यावर दव धरलंय, आज हत्याराला हात लावण्यात अर्थ नाही. फक्त पाहणी आणि नोंदी.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं पाच बेअरिंगचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, छत कापडी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये सुट्या भागांची ददात नाही. १९८८ पासून तर आख्खी नवी बॉडीशेल मिळते. अशा गाड्या भागांवाचून अडत नाहीत. एका शनिवारी सगळं खोललं जातं आणि कुठला नट कुठला, हे पुढच्या शनिवारी कुणालाच आठवत नाही, तिथे त्या अडतात. म्हणून ही वही. खोलण्याआधी माप, लावल्यावर माप, दोन्ही तारखेसह.

भारतातून आणलेला मिलिमीटरचा पान्यांचा सेट भिंतीवरच राहू दे. इथे सगळं इंचात आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. साठ वर्षं गंजलेला नट एकदा गोल झाला की पुढचा तासभर छिन्नी आणि शिव्या.

दुसरी नोंद लाल शाईत: या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने काळी वायर बॉडीला लावली की आधी डायनॅमोची पोलॅरिटी बिघडते, आणि कुणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ते जागीच जळतं. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी ६ व्होल्टच्या, सीटच्या मागे जमिनीखालच्या पेट्यांत. नजरेआड, म्हणून पाणी घालायचं हमखास राहून जातं.

२५ जानेवारी, शनिवार

सिल तपासली. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ही पेटी दिसायला नुसती पट्टी, पण एमजीबीचा कणा तीच. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, आणि रोडस्टरला वर पत्र्याचं छतही नाही. पुढचं आणि मागचं वजन एकमेकांना धरून ठेवतात ते या दोन सिल आणि मधला, प्रॉपेलर शाफ्टवरचा बोगदा.

सिलचे थर तीन: बाहेरची सिल, मधला उभा पडदा, आतली सिल. खाली आतल्या बाजूला दातेरी पट्टी असते, तिला इथे कॅसल रेल म्हणतात. गंज आतून सुरू होतो. पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात पाला आणि चिखल साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं, तो ओला लगदा वर्षानुवर्षं तसाच राहतो. बाहेर रंगाला बुडबुडा दिसेपर्यंत आतला पडदा बिस्किटासारखा झालेला असतो.

विकत घेतानाही उपयोगी पडेल अशी परीक्षा: दार बंद असताना मागच्या कडेची फट मोजायची, मग गाडी जॅकवर घेऊन पुन्हा मोजायची. फट मिटत असेल किंवा दार उघडताना अडत असेल, तर सिलमध्ये दम नाही. पुढचं मडगार्ड बोल्टांचं असतं, ते उतरवून सिलचं टोक बघायलाच हवं. जुन्या सिलवर नुसतं नवं झाकण वेल्ड करून विकलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. बाहेरून गुळगुळीत, आत राख. वर लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर चुंबक चिकटत नाही. एक साधं चुंबक खिशात असावं.

इथे डावी बाजू बरी, उजवी गेलेली.

८ ते १६ फेब्रुवारी

उजवी सिल. या कामाला घाई चालत नाही, नऊ दिवस लागले तरी हरकत नाही.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधार वेल्ड केला: २५ मिमीचा चौकोनी पाइप, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, तिरका एक आणि आडवा एक. हा आधार न लावता सिल कापली तर गाडी मधोमध वाकते, नव्या सिलने ती तशीच कायमची घट्ट होते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. गाडी ठेवायची ती मागच्या ॲक्सलखाली आणि पुढच्या क्रॉसमेंबरखाली स्टँड लावून, म्हणजे वजन रस्त्यावर असतं तिथेच पडतं. फरशीखाली मधोमध स्टँड लावणं म्हणजे बॉडीला उलटा बाक देणं. एका वेळी एकच बाजू.

क्रम असा ठेवला: कॅसल रेल, आतली सिल, मधला पडदा, मग बाहेरची सिल फक्त क्लॅम्पवर. तिथे थांबून दार टांगलं. फट वरपासून खालपर्यंत ४ ते ५ मिमी सारखी दिसली तेव्हा मशीन सुरू केलं. पत्रा साधारण १ मिमीचा, म्हणून मिग वेल्डिंग मशीनला ०.६ मिमीची तार. कडेवर दर २५ ते ३० मिमीला ६ मिमीचं भोक पाडून डाग भरले, आधी दोन्ही पृष्ठभागांना झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर. सलग रेघ ओढायची नाही. एक डाग इथे, दुसरा हातभर लांब. उष्णता एका जागी साठली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि मग तो ठोकत बसावं लागतं.

वेल्डिंगआधी बॅटऱ्या सोडल्या, डायनॅमोच्या वायरी काढल्या, पेट्रोलची नळी उतरवली, गालिचे बाहेर. पाण्याची बादली शेजारी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबून वास घ्यायचा. बॉडीखालच्या डांबरी थराला धुमसायला वेळ लागतो, भडकायला लागत नाही.

सिलमधलं मेण रंग झाल्यावर, शेवटी. आधी घातलं तर वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतं. मेण फवारताना खालची पाणी निचरायची छिद्रं बुजवायची नाहीत. बुजली तर नवी सिलही जुन्या वाटेने जाईल.

१५ मार्च, शनिवार

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. रबरी नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात, आतून फुगून बंद होतात: पॅडल दाबलं की तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, चाक तापतं. तिन्ही नळ्या न तपासता बदलल्या. लोखंडी पाइपच्या जागी तांबं-निकेलचा ३/१६ इंचाचा. तेल डॉट ४, दर दोन वर्षांनी नवं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. मागचा ॲडजस्टर बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा असतो: चाक अडेपर्यंत आत, मग मोकळं फिरेल इतकाच मागे.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. कागदोपत्री सोय आहे. ब्रेकला ती समजत नाही.

५ एप्रिल, शनिवार

इंजिन सुरू करायचा दिवस, पण चावी सगळ्यात शेवटी. कालच प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं होतं. आज हाताने दोन फेरे फिरवलं: मोकळं. ऑइल २०डब्ल्यू-५०, जस्त-फॉस्फरसवालं. ते नसेल तर कॅमशाफ्टचे लोब झिजतात. तेच ऑइल गिअरबॉक्सलाही. या गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच लागतं, इपी९० फक्त डिफरन्शियलला. डिपस्टिक गाडीच्या आत, गालिचाखालच्या रबरी बुचात.

प्लग बाहेर ठेवून स्टार्टरवर फिरवलं, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मगच प्लग लावले. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची टकटक आधी भराभर, मग मंद होऊन थांबायला हवी. थांबली नाही तर कुठेतरी गळती किंवा कार्ब्युरेटरची निडल अडकलेली. टकटक आलीच नाही, तर पंपाचे पॉइंट (आतले विजेचे संपर्क) चिकटलेत. मागच्या उजव्या चाकापुढे पंपावर पान्याने हलकी टिचकी मारली की तो बहुधा चालतो. हा इलाज घरी पोचण्यापुरता.

गरम झाल्यावर चालत्या वेगाला ५० ते ८० पीएसआय, स्लोवर, म्हणजे ॲक्सलरेटर न दाबता चालताना, १० ते २५ असायला हवं. भरलं ६० आणि १८.

१२ आणि १३ एप्रिल

स्लोवर मिसिंग आहे, मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही. अशा वेळी प्रत्येकाचा हात आपोआप कार्ब्युरेटरकडे जातो, कारण स्क्रू तिथे समोर आहेत. पण कार्ब्युरेटर फक्त आधीच्या चुका झाकतो. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल किंवा ठिणगी उशिरा पडत असेल, तर पेट्रोल वाढवून इंजिन थोडा वेळ गप्प बसतं, आणि दोष आता दोन होतात.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. इंजिन थंड, फट ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिमी. आठ व्हॉल्व्ह, नऊची बेरीज: आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, याप्रमाणे. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर फीलर गेज खोटं बोलतं. पट्टी खड्ड्यावरून सरकते आणि खरी फट मापापेक्षा जास्त निघते. कव्हरचे दोन नट बोटभर जोरानेच. आवळले की कॉर्कचं गॅस्केट चेपतं आणि ऑइल गळतं, मग माणूस आणखी आवळतो.

पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क. फट ०.०१४ ते ०.०१६ इंच. शाफ्टला बाजूचा खेळ असेल तर प्रत्येक लोबवर वेगळं माप येतं, तेव्हा आधी बुश बघायचा. व्हॅक्युमची नळी तोंडाने ओढून जीभ लावायची: ओढ टिकली तर डायफ्राम शाबूत. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते, या इंजिनाला बंद असताना १०°, स्ट्रोब दिव्याने मिनिटाला ६०० फेऱ्यांना १४°, व्हॅक्युमची नळी काढून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. रोटर आर्म आणि कंडेन्सर नवे घेतले तरी जुने फेकायचे नाहीत. हल्लीच्या स्वस्त रोटर आर्मच्या पितळी रिव्हेटमधून ठिणगी शाफ्टकडे पळते आणि गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते. बिनरिव्हेटचा लाल रोटर मिळतो, तो घ्यावा.

एवढं झाल्यावर मिसिंग निम्मं गेलं होतं, कार्ब्युरेटरला हातही न लावता.

मग एसयू. दोन्ही जेट (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या) वर आणून पुलाशी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या गळ्यातल्या उंचवट्याशी, सपाट, तिथून नट १२ पैलू खाली, म्हणजे दोन फेरे. थ्रॉटल जोडणारे क्लॅम्प सैल. दोन्ही तोंडांशी रबरी नळी धरून कानाने सुसकारा ऐकायचा आणि स्लोचे स्क्रू फिरवून तो सारखा करायचा. मग पिस्टनखालची पिन साधारण १ मिमी उचलायची. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बुडालं तर पातळ, किंचित वाढून जागेवर आलं तर बरोबर. एक कार्ब्युरेटर बदलला की दुसऱ्याचं गणित हलतं, म्हणून दोन्हीकडे दोनदोनदा. स्लो ८०० वर.

डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या डब्यात, ऑइल हवंच. डॅम्पर आत सोडताना झाकण बसायला ६ मिमी उरलेले असताना हाताला अडवणूक जाणवली की पुरेसं. कोरडा राहिला तर पिकप घेताना इंजिन गचका खातं, आणि लोक पुन्हा मिश्रण जाड करतात.

स्लो वरखाली होत राहिला, तर थ्रॉटलच्या दांडीशी हवा ओढली जातेय. ते नटांनी सुटत नाही, बुश बदलावे लागतात. इथे पुढचा कार्ब्युरेटर थोडी ओढतोय. वहीत खूण.

२१ जून, शनिवार

ग्रीस, ३००० मैलांनी. पुढच्या प्रत्येक चाकाला तीन निपल, शिवाय प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेकची केबल. चाक हवेत हवं, वजनावर असताना ग्रीस किंगपिनच्या (चाक ज्याभोवती वळतं तो उभा खिळा) दाबल्या बाजूला पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदलून पुन्हा, उद्यावर ढकलून नाही. कोरड्या किंगपिनचं स्टिअरिंग हळूहळू जड होत जातं आणि त्याची सवय होते.

क्लचबद्दल एक: याचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, घासूनच चालतं. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं की ते संपतं, आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. न्यूट्रल करावं, पाय उचलावा.

पेट्रोल. इथे २०२१ पासून साधं पेट्रोल इ१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल), म्हणून सुपर ग्रेडचं इ५ भरायचं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, नळीच्या आतले काळे कण निडलवर बसतात आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. शिवाय ते पाणी धरतं, गाडी महिनोनमहिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी. मुंबई-पुण्यात पद्मिनी सांभाळणाऱ्यांना तर इ२० शी गाठ आहे. तिथेही पहिलं काम तेच: पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल झेपणारी, आर९ छापलेली.

१३ सप्टेंबर, शनिवार

टॅपेट पुन्हा मोजले, थंड.

१, २, ३: ०.०१५. ६, ७: ०.०१५. ८: ०.०१४. ४ आणि ५: दोन्ही ०.०११.

चौथा आणि पाचवा हे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. दोघांचा धूर मधल्या एकाच पोर्टातून जातो, म्हणून ती जागा सगळ्यात तापते. पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला लेप द्यायचं. ते २००० साली इथेही बंद झालं आणि भारतातही. या हेडमध्ये सीट बिडाचीच आहे, व्हॉल्व्ह तिच्यात थोडाथोडा रुततोय. व्हॉल्व्ह रुतला की फट कमी होते, म्हणजे इंजिनाचा आवाज उलट शांत होतो. टकटक कमी झाली म्हणून खूश व्हायचं, आणि फट शून्य झाली की व्हॉल्व्ह उघडा राहून जळतो. एप्रिलचा आकडा लिहिलेला नसता तर आज ०.०११ हे फक्त चुकीचं माप वाटलं असतं, आणि नीट लावून विसरून गेलं असतं.

दोन्ही परत ०.०१५ ला. पुढचं माप ५०० मैलांनी. तेव्हाही हेच दोन कमी भरले तर हिवाळ्यात हेड उतरवून कडक सीट बसवून घ्यायच्या. हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने, ४५ ते ५० फूट-पाउंड, आणि ते आवळल्यावर टॅपेट पुन्हा पहिल्यापासून.